मोठे स्पीकर घरात ठेवायचे कुठे?

- प्रतिनिधी

मोठे खोके उघडले जाते. चार माणसे मिळून छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर दिवाणखान्यात आणतात आणि टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला पाठ लावून उभे करतात. वर्षानुवर्षे पैसा साठवून, कधी कर्ज काढून घेतलेली ही वस्तू असते. संध्याकाळी घरातली सगळी मंडळी जमतात आणि आवडते ध्वनिमुद्रण लावले जाते. दुकानात ऐकताना गायिका समोर बैठकीवर बसली आहे असे वाटले होते. घरी मात्र तिचा आवाज एका बाजूला कललेला, डग्गा नुसताच घुमणारा आणि तंबोरा कुठेतरी हरवलेला. कुणी काही बोलत नाही, पण घेणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते.

यानंतर दोष शोधण्याचा सिलसिला सुरू होतो. पहिला संशय ॲम्प्लिफायरवर, दुसरा तारांवर आणि तिसरा थेट स्पीकरवर. तिन्ही संशय खर्चिक असतात. वस्तुतः पुष्कळदा दोष या तिघांचाही नसतो. स्पीकर ज्या जागी उभे केले ती जागा चुकलेली असते. मोठा स्पीकर हा खोलीत ठेवलेल्या कपाटासारखा नसतो. तो खोलीसह वाजतो. म्हणूनच काहीही नवे विकत घेण्यापूर्वी आहे तेच हलवून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी उपाय ठरतो. तो करताना नेमके काय घडते आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे समजून घेतले की निम्मे काम होते.

खोलीलाही स्वतःचे स्वर असतात

हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट वेगाने जातो. त्यामुळे ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपने असलेल्या खालच्या स्वराची एक लाट सुमारे साडेबावीस फूट लांब होते. आपल्याकडचा बराचसा दिवाणखाना याहून आखूड असतो. लाट भिंतीवर आपटते, परतते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळते. काही ठरावीक कंपनसंख्यांना या येरझाऱ्या अशा जुळून येतात की लाट खोलीत जणू जागच्या जागी उभी राहते. काही ठिकाणी तो स्वर दुप्पट जोराने ऐकू येतो आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो.

याचे गणित सोपे आहे. ५६५ या संख्येला समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराने, फुटांत, भागले की त्या अंतराची पहिली कंपनसंख्या मिळते. १२ फूट रुंद, १८ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच खोली उदाहरणादाखल घेऊ. लांबीमुळे ३१, रुंदीमुळे ४७ आणि उंचीमुळे सुमारे ५९ हर्ट्झ असे तीन स्वर खोली स्वतःहून उचलून धरते. शिवाय त्यांच्या दुपटी-तिपटी असतातच. खोली १२ बाय १२ असली तर लांबी आणि रुंदी दोन्ही ४७ हर्ट्झवरच जोर देतात आणि घुमणे दुणावते. संगीतासाठी चौरस खोली टाळावी असे सांगितले जाते, ते यामुळेच.

छोटा स्पीकर इतक्या खाली उतरतच नाही. त्यामुळे खोलीच्या या सवयी उघड्या पडत नाहीत. मोठा स्पीकर मात्र ३० हर्ट्झच्या आसपासही दमदार वाजतो आणि खोलीचे सारे दोष चव्हाट्यावर आणतो. महागडा स्पीकर घरी आणल्यावर संगीत अधिक बिघडले, अशी तक्रार ऐकू येते तिचे मूळ येथे आहे.

आपल्या घरांच्या बांधणीचाही यात हात आहे. अमेरिकेतील अनेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पातळ फळ्या ठोकून केलेल्या असतात. त्या खर्जाबरोबर किंचित थरथरतात आणि त्याचा काही भाग गिळून टाकतात. आपल्याकडील विटांच्या व काँक्रीटच्या भिंती तसे करत नाहीत. त्या जवळजवळ सगळा खर्ज परत फेकतात. तिकडच्या मासिकांतले सल्ले इकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, याचे हे एक कारण होय. उलट दिवाणखान्याला लागून उघडे जेवणघर किंवा रुंद बोळ असेल, तर खर्जाला निसटायला वाट मिळते आणि घुमणे थोडे कमी होते.

भिंतीचे अंतर आणि खर्जाची तार

दुसरा प्रश्न स्पीकर व भिंत यांतील अंतराचा. वूफरमधून निघालेला खर्ज फक्त पुढे जात नाही, तो चहूकडे पसरतो. मागे गेलेला भाग भिंतीवरून परततो आणि पुढे जाणाऱ्या ध्वनीत मिसळतो. ज्या स्वराच्या लाटेची पाव लांबी वूफर व भिंत यांतील अंतराएवढी असते, तो स्वर परतताना नेमका उलटा होऊन येतो आणि मूळ स्वराला खोडून टाकतो. हा स्वर कोणता, हे काढण्यासाठी २८२ या संख्येला त्या अंतराने भागावे. अंतर २ फूट असेल तर १४१ हर्ट्झ, ३ फूट असेल तर ९४ आणि ४ फूट असेल तर सुमारे ७० हर्ट्झ.

या आकड्यांचा अर्थ आपल्या संगीतात पाहू. काळी एक ही पट्टी धरून गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. म्हणजे वूफर भिंतीपासून बरोबर चार फुटांवर असेल, तर नेमक्या त्या तारेच्या मूळ स्वराला कात्री लागते. तार ऐकू येत राहते, कारण तिचे वरचे अंश शाबूत असतात. मात्र तिचे वजन जाते आणि गायन जमिनीपासून सुटल्यासारखे भासते. ऐकणाऱ्याला कारण उमगत नाही. काहीतरी कमी आहे एवढेच जाणवते.

अमेरिकी ध्वनितज्ज्ञ रॉय ॲलिसन यांनी १९७४ साली ‘जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात खोलीच्या भिंती व जमीन यांचा स्पीकरच्या ध्वनीवर होणारा परिणाम सविस्तर मांडला. त्यातून निघणारा व्यावहारिक धडा असा, की वूफरची मागच्या भिंतीपासून, बाजूच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून असलेली तीन अंतरे एकसारखी नसावीत. तिन्ही अंतरे ३ फूट असली, तर तिन्हींचा घाव एकाच ९४ हर्ट्झवर बसतो आणि तेथे खोल खड्डा पडतो. अंतरे वेगवेगळी असली की घाव विभागले जातात आणि कानाला फारसे खटकत नाहीत.

येथे मोजमापाची एक चूक हमखास होते. अंतर खोक्याच्या पाठीपासून मोजले जाते. मोठा स्पीकर स्वतःच दीड-दोन फूट खोल असतो. त्याची पाठ भिंतीपासून एक फुटावर असली, तरी पुढच्या बाजूस बसवलेला वूफर अडीच-तीन फुटांवर असतो. टेप धरायचा तो वूफरच्या मध्यापासून.

भिंतीला अगदी चिकटवले तर? मग खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात तर आणखी वाढतो. छोट्या स्पीकरला हा आधार उपकारक ठरतो. ज्याच्याकडे मुळातच भरपूर खर्ज आहे, त्याला मात्र तो अजीर्ण होतो.

अपवादांचीही नोंद घ्यायला हवी. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली बाजारात आणलेल्या ‘क्लिप्शहॉर्न’ची मूळ रचना कोपऱ्यासाठीच केलेली होती. खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग. कोपऱ्याबाहेर काढला, तर तो अर्धवट राही. याच्या अगदी उलट टोकाला पीटर वॉकर यांचा १९५७ सालचा ‘क्वाड’चा पत्र्याच्या जाळीआडचा सपाट स्पीकर. तो पुढे जितका ध्वनी टाकतो तितकाच मागेही टाकतो, म्हणून त्याच्यामागे मोकळी जागा नसेल तर चालत नाही. सांगायचे तात्पर्य, पहिला ग्रंथ निर्मात्याची माहितीपुस्तिका. स्पीकर कोणत्या जागेसाठी घडवला, हे त्याच्या निर्मात्याला ठाऊक असते.

आधी खुर्ची, मग स्पीकर

आपण स्पीकरची जागा शोधतो आणि स्वतःची जागा गृहीत धरतो. सोफा भिंतीला टेकलेला, तो वर्षानुवर्षे तसाच. पण भिंतीलगत खोलीचे जवळजवळ सगळे खालचे स्वर एकवटतात, म्हणून तेथे बसणाऱ्याला खर्ज फुगलेला ऐकू येतो. खोलीच्या बरोबर मध्यावर याच्या उलट घडते. लांबीमुळे उभी राहणारी पहिली लाट तेथे नाहीशी होते. आपल्या १८ फुटी खोलीत नवव्या फुटावर बसणाऱ्याला ३१ हर्ट्झचा स्वर जवळजवळ मिळतच नाही.

या दोहोंच्या मधली जागा शोधण्यासाठी ध्वनिमुद्रणगृहांचे आरेखन करणारे एक ठोकताळा वापरतात. तो म्हणजे खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतर. १८ फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून सुमारे सात फूट. हे ब्रह्मवाक्य नव्हे. शोध कोठून सुरू करावा याची ती खूण आहे. सोफा सात फूट पुढे आणणे अशक्य असेल, तर निदान तीन फूट तरी आणावा. एवढ्यानेही फरक कळतो आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

सूत्रे अनेक, खोली एक

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा त्रिकोण ही कल्पना जुनी आहे. ‘ईएमआय’ या इंग्लिश कंपनीतील अभियंता ॲलन ब्लमलिन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात आहे. पुढे रूढ झालेली साधी मांडणी समभुज त्रिकोणाची. दोन स्पीकरांत जितके अंतर, तितकेच प्रत्येक स्पीकरपासून श्रोत्याचे. स्पीकर फार जवळ आले तर सगळे वादक एकाच सतरंजीवर दाटीने बसल्यासारखे वाटतात आणि फार लांब गेले तर मधला गायक विरून जातो.

हा त्रिकोण खोलीत कोठे बसवावा, यासाठी दोन सूत्रे विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले तिसऱ्या हिश्श्याचे. लांबीचे तीन समान भाग करावेत, पहिल्या रेषेवर स्पीकर आणि दुसऱ्या रेषेवर श्रोता. दुसरे अमेरिकेतील जॉर्ज कार्डास यांचे, सुवर्ण गुणोत्तरावर आधारलेले. त्यानुसार वूफरच्या मध्यापासून बाजूची भिंत खोलीच्या रुंदीच्या ०.२७६ पट आणि मागची भिंत ०.४४७ पट अंतरावर असावी. १२ फूट रुंदीच्या खोलीत ही अंतरे सुमारे ३ फूट ४ इंच आणि ५ फूट ४ इंच येतात. दोन्ही स्पीकरांत मग साधारण ५ फूट ४ इंच अंतर उरते.

आता पेच पाहा. कार्डास यांच्या जागी स्पीकर ठेवून समभुज त्रिकोण साधायचा, तर श्रोता दहाव्या फुटावर, म्हणजे खोलीच्या मध्याजवळ येतो. ती जागा टाळावी असे आपण नुकतेच पाहिले. ३८ टक्क्यांच्या जागी बसावे, तर त्रिकोण थोडा लांबट होतो. तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळावा, तर स्पीकरमागे सहा फूट मोकळे सोडावे लागतात. १२ बाय १८ च्या दिवाणखान्यात ही जागा ७२ चौरस फूट भरते. ज्या शहरांत चौरस फुटाचे दर ऐकून छातीत धस्स होते, तेथे घराचा एवढा तुकडा हवेला देणे प्रत्येकाला परवडणारे नाही.

म्हणून सूत्रांकडून एकच अपेक्षा करावी: प्रारंभबिंदू. लांबट त्रिकोण चालतो. मधले अंतर थोडे कमी-जास्त चालते. चालत नाही ती एक गोष्ट, ती म्हणजे डाव्या-उजव्यातील असमानता. प्रत्येक स्पीकरच्या ट्वीटरपासून श्रोत्याच्या डोक्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून अर्ध्या इंचाच्या आत जुळवावे. गायिकेचा आवाज एका बाजूला कलण्यामागे बहुधा हीच त्रुटी असते, किंवा एका बाजूस भिंत आणि दुसऱ्या बाजूस बाल्कनीचे सरकते काचेचे दार असते.

टेप, चिकटपट्टी आणि माणसाचा आवाज

प्रत्यक्ष काम दोघांनी मिळून करावे. एकट्याने शंभर किलोची वस्तू हलवू नये. ‘बॉवर्स अँड विल्किन्स’चा २०२१ साली आलेला ‘८०१ डी४’ हा स्पीकर सुमारे १०० किलो वजनाचा आहे आणि याहूनही वजनदार स्पीकर आहेत. तळाचे टोकदार खिळे आरंभी लावूच नयेत. स्पीकर जाड सतरंजीच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर उभा करावा, म्हणजे फरशीवर ओरखडे न पडता सरकतो. लहान मुले त्या वेळी खोलीत नसावीत.

‘विल्सन ऑडिओ’ या अमेरिकी कंपनीची जागा शोधण्याची एक पद्धत प्रसिद्ध असून तिला कोणतेही यंत्र लागत नाही. एकाने श्रोत्याच्या जागी बसावे. दुसऱ्याने स्पीकरमागच्या भिंतीला पाठ लावून एकाच पट्टीत, सावकाश बोलत पुढे चालावे. भिंतीजवळ त्याचा आवाज जड आणि घुमट लागतो. पुढे येता येता एका पट्ट्यात तो एकदम मोकळा आणि स्वच्छ होतो आणि आणखी पुढे आल्यावर पुन्हा बदलतो. तो मोकळा पट्टा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, तेथे जमिनीवर चिकटपट्टी लावावी. बाजूच्या भिंतीपासून आत येतानाही तसेच करावे. दोन्ही पट्टे जेथे एकमेकांना छेदतात, तो चौकोन स्पीकरची पहिली जागा. मोठी माणसे भिंतीला टेकून काहीबाही पुटपुटताना पाहून घरात हशा पिकतो, पण उपाय कामाचा आहे.

त्यानंतर ध्वनिमुद्रण लावावे. खर्जासाठी डग्ग्याची मींड किंवा कंट्राबास ऐकावा. स्वर उतरत जाताना त्यातला एखादाच अचानक फुगतो किंवा दबतो का, याकडे लक्ष द्यावे. तसे होत असेल, तर दोन्ही स्पीकर सहा-सहा इंच पुढे-मागे करावेत. फरक कमी होऊ लागला, की एकेक इंच. प्रत्येक जागेला चिकटपट्टीची खूण आणि वहीत एक ओळ. स्मरणावर विसंबू नये, कारण कालचा ध्वनी आज नीट आठवत नाही.

मध्यासाठी जुने एकवाहिनी ध्वनिमुद्रण उत्तम. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ‘गीतरामायण’ प्रसारित झाले, त्या काळातली कोणतीही मूळ ध्वनिमुद्रिका घ्यावी. दोन्ही स्पीकरांतून एकच ध्वनी येत असल्याने गायक दोहोंच्या बरोबर मध्ये आणि आटोपशीर जागेत उभा वाटला पाहिजे. तो पसरट किंवा एका बाजूला भासला, तर मांडणी अजून जुळलेली नाही.

शेवटी स्पीकरचे तोंड. समोर सरळ ठेवल्यास मैफल रुंद वाटते आणि श्रोत्याकडे वळवल्यास गायक ठसठशीत होतो. वरचे स्वर टोचत असतील, तर तोंड थोडे बाहेर वळवावे. हे सारे मनासारखे झाले, की मगच तळाचे खिळे लावावेत. संगमरवर किंवा चकचकीत फरशी असेल, तर त्यांच्याखाली धातूच्या छोट्या चकत्या ठेवाव्यात.

बाजूच्या भिंतींचा वाद

बाजूच्या भिंतीवरून येणारा ध्वनी काय करतो, यावर जाणकारांत मतभेद आहेत. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ सालच्या प्रबंधात दाखवून दिले, की थोड्या मिलिसेकंदांनी मागून येणारा प्रतिध्वनी कानाला वेगळा ऐकू येत नाही. ध्वनी कोठून आला हे कान पहिल्या लाटेवरून ठरवतो. आपल्या उदाहरणातील खोलीत बाजूच्या भिंतीवरून येणारा ध्वनी सुमारे ४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण गायकाभोवतीची जागा आणि आवाजाचा पोत त्याने बदलतो.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर ‘हार्मन’ कंपनीत दीर्घकाळ संशोधन केलेले फ्लॉइड टूल यांचे म्हणणे असे, की स्पीकर बाजूलाही समतोल ध्वनी टाकत असेल, तर हे परावर्तन सरसकट अपायकारक नसते. पुष्कळ श्रोत्यांना त्यातून मिळणारा ऐसपैसपणा आवडतो. म्हणून भिंतीवर लगेच फोमचे तुकडे चिकटवू नयेत. एकाने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. खुर्चीतून स्पीकर आरशात दिसला, की तेच परावर्तनाचे ठिकाण. तेथे आधी एखादे भरलेले पुस्तकांचे कपाट ठेवून पाहावे, नंतर जाड पडदा. समोरच्या उघड्या फरशीवर गालिचा मात्र जरूर असावा. खर्जावर मात्र पडदे-गालिचांचा फारसा परिणाम होत नाही. तेथे आधी जागा बदलणे कामी येते.

डोळे मिटून ऐका

हे सारे लोक का करत नाहीत? आळस हे एक कारण. दुसरे अधिक रोचक आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला. त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग उघडपणे ऐकवले. पडद्याआड असताना स्पीकर खोलीत कोठे ठेवला आहे याचा श्रोत्यांच्या मतावर स्पष्ट परिणाम दिसला. स्पीकर डोळ्यांसमोर येताच मात्र रूप, आकार आणि नाव यांनी मते व्यापली आणि जागेमुळे पडणाऱ्या फरकाकडे दुर्लक्ष झाले. पुढे ‘हार्मन’ने कॅलिफोर्नियातील आपल्या प्रयोगशाळेत असे यंत्रच बसवले, की पडद्यामागे स्पीकर काही सेकंदांत बदलावेत आणि प्रत्येकाने नेमक्या त्याच जागी येऊन वाजावे. जागा वेगळी असेल, तर स्पीकरांची तुलनाच खोटी ठरते.

घरी यंत्र नको. जागा बदलल्यावर ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि हलवणाऱ्याने कोणता बदल केला ते सांगू नये. घरातील ज्या व्यक्तीला या छंदात रस नाही, तिचे मत अवश्य विचारावे. स्पीकरची किंमत तिच्या कानांच्या आड येत नाही.

आता मायक्रोफोन आणि संगणकाच्या साहाय्याने खोलीचा आलेख काढता येतो. त्यासाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ हा प्रोग्राम मोफत मिळतो. ॲम्प्लिफायरमध्येच ध्वनी सुधारण्याची सोयही अनेकदा असते. फुगलेला स्वर दाबण्याचे काम ही सोय चांगले करते. भिंतीमुळे खोडला गेलेला स्वर मात्र तिला भरून काढता येत नाही. तो १० डेसिबलने वाढवायचा तर ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती लावावी लागते आणि वाढवलेला स्वरही भिंत तितकाच खोडत राहते. म्हणून संगणकाचा क्रमांक जागेनंतरचा.

घर सगळ्यांचे आहे

दिवाणखाना हा आपल्याकडे केवळ संगीताचा नसतो. तेथे पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात, आजोबा बातम्या पाहतात. खोलीच्या मध्यावर उभे असलेले दोन मनोरे रोज वळसा घालून ओलांडायला लावणे हे घरातल्यांवर लादलेले ओझे आहे. यावर सोपा तोडगा म्हणजे दोन खुणा: एक रोजची, भिंतीजवळची आणि दुसरी ऐकण्याची. काही मोठ्या स्पीकरांच्या तळाला चाके असतात. तेथे ही ने-आण दोन मिनिटांची. चाके नसतील आणि वजन फार असेल, तर विकत घेण्यापूर्वीच घरात सर्वसंमतीने जागा ठरवावी. जमिनीवर वर्तमानपत्राचे तुकडे स्पीकरच्या आकाराचे कापून आठवडाभर त्या जागी ठेवावेत. अडखळायला होते का, कपाटाचे दार उघडते का, हे पैसे देण्याआधीच कळते.

वजनाची काळजी अनेकांना वाटते. भारतीय मानकानुसार निवासी इमारतीच्या जमिनी चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखल्या जातात. शंभर किलोच्या स्पीकरने सुस्थितीतल्या इमारतीला धोका नाही. त्याच्या कितीतरी पट वजनाचा स्पीकर घ्यायचा असेल किंवा इमारत जुनी असेल, तर अभियंत्याला विचारावे.

शेजाऱ्यांचा विचार तर करायलाच हवा. गायिकेचा आवाज भिंत अडवते, खर्ज मात्र स्लॅबमधून वरच्या आणि खालच्या घरात उतरतो. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. स्पीकर योग्य जागी असले की हळू आवाजातही संगीत भरघोस वाटते. आवाज चढवण्याची गरज उरत नाही, हा चांगल्या मांडणीचा आणखी एक लाभ.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. मोठ्या स्पीकरमधील तीन-चार वेगवेगळ्या पडद्यांचा ध्वनी एकजीव होण्यासाठी श्रोता काही अंतरावर असावा लागतो. १० बाय १२ च्या शयनगृहात ते अंतर मिळतच नाही आणि खर्ज खोलीला पेलवत नाही. अशा खोलीत निम्म्या किमतीचा छोटा स्पीकर दुपटीने चांगला वाजू शकतो. दुकानदाराकडून स्पीकर दोन दिवस घरी आणून ऐकण्याची सवलत मागावी. ती मिळत नसेल, तर खोलीची मापे आणि सोफ्याची जागा कागदावर काढून न्यावी आणि हा स्पीकर येथे कोठे उभा राहील, असे स्पष्ट विचारावे. ज्या दुकानात या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते, ते दुकान चांगले.

ज्यांच्या घरी मोठे स्पीकर आधीच आले आहेत आणि ज्यांच्या मनात पाल चुकचुकते आहे, त्यांनी नव्या तारांची मागणी नोंदवण्यापूर्वी येते चार रविवार राखून ठेवावेत. पहिल्या रविवारी खुर्ची, दुसऱ्या रविवारी खर्ज, तिसऱ्या रविवारी मध्य आणि चौथ्या रविवारी स्पीकरचे तोंड. साहित्य म्हणजे एक टेप, चिकटपट्टीचे रीळ, एक वही आणि मदतीला घरातले कुणीतरी. चौथ्या रविवारी संध्याकाळी पहिल्या दिवशीचेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, तर स्पीकरला त्याची जागा मिळाली असे समजावे.